जवळजवळ सारख्या तीन राखाडी छटा आणि चार खोल्या: वर्षभरानंतरचे परीक्षण

घरातील चार खोल्यांसाठी राखाडी रंग निवडायचा होता आणि शेवटी ज्या तीन छटा उरल्या, त्या शेड कार्डावर एकमेकींच्या इतक्या जवळच्या होत्या की कार्ड हातभर लांब धरले तर कोणती कोणती हे मलाही सांगता येत नव्हते. शेर्विन-विल्यम्स या कंपनीच्या ‘अ‍ॅग्रीएबल ग्रे’ (क्रमांक ७०२९), ‘रिपोझ ग्रे’ (क्रमांक ७०१५) आणि ‘माइंडफुल ग्रे’ (क्रमांक ७०१६) या त्या तीन छटा. त्या भिंतींवर येऊन आता वर्ष उलटले आहे. लख्ख उन्हात, ढगाळ दिवशी, रात्री दिव्याखाली आणि पहाटे दिवा न लावता अशा सगळ्या वेळी त्या पाहून झाल्या आहेत, त्यामुळे त्यांच्याविषयी लिहायला आता हरकत नाही. मत आधीच सांगून टाकते. तिन्ही छटा उत्तम आहेत, परंतु त्यांपैकी कोणतीही एक माझ्या चारही खोल्यांना चालली नसती. आणि कार्डावर जी मला सर्वांत कमी आवडली होती, तिच्याच खोलीत मी आज सर्वांत निवांत असते.

नावांवरून काही कळेल अशी आशा मी लवकरच सोडून दिली. एक छटा मनमिळाऊ, दुसरी विसावलेली, तिसरी सजग. स्वभाव कळतो, रंग कळत नाही. त्या मानाने जर्मनीत १९२७ साली ४० रंगांनिशी सुरू झालेला राल हा प्रमाणित रंगसंग्रह मला अधिक प्रामाणिक वाटतो. त्यात राखाडी रंगांना ७००० च्या मालिकेतील क्रमांक आहेत, आणि नावे आहेत तीही खारीचा राखाडी (७०००), उंदराचा राखाडी (७००५) अशी, म्हणजे डोळ्यांसमोर निदान एखादा प्राणी तरी उभा राहतो.

या तिघींपर्यंत पोहोचण्याआधी मी एक चूक केली होती. दुसऱ्याच एका कंपनीची एक राखाडी छटा मी फोनच्या पडद्यावर पसंत केली, दुकानातील ट्यूबलाइटखाली दोन इंचांच्या तुकड्यावर तिची खात्री करून घेतली आणि झोपण्याच्या खोलीचा रंग त्याच दिवशी ठरवून टाकला. दुसरा हात सुकेपर्यंत दुपार उलटून गेली होती. सूर्य मावळल्यानंतर आणि दिवे लावण्याआधी जो अर्धवट उजेड असतो, त्यात मी खोलीत गेले, तर भिंती चक्क फिकट जांभळ्या दिसत होत्या. डबा बदलला असावा असे वाटून मी रंगाऱ्यांना हाक मारली. त्यांनी शांतपणे कार्डाचा तुकडा भिंतीला टेकवून दाखवला. तो असा मिसळून गेला की कडा शोधावी लागली. ‘ताई, रंग तोच आहे,’ ते म्हणाले, ‘उजेड तुमच्या घरचा आहे.’ कंपनीचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही, कारण तिने जे दाखवले तेच दिले होते. तो रंग नऊ दिवस सहन केला आणि मग त्यावर नवा रंग द्यायचे ठरवले.

त्यांचे ते वाक्य माझ्या डोक्यात राहिले, कारण त्यात सगळा प्रश्न होता. भिंतीचा राखाडी हा काळा आणि पांढरा यांचे साधे मिश्रण असतो, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात टायटॅनियम डायऑक्साइडच्या पांढऱ्या बेसमध्ये नुसता काळा टिंट टाकला, तर येणारा राखाडी निळसर आणि थंड दिसतो. म्हणून टिंटिंग मशीन त्यात पिवळ्या लोहऑक्साइडचे, तांबड्या लोहऑक्साइडचे किंवा अंबरसारख्या मातकट रंगाचे थोडे टिंट सोडते, आणि त्या टिंटांच्या कमीजास्त प्रमाणातून शेकडो राखाडी छटा जन्माला येतात. प्रत्येक छटेत कुठल्या तरी रंगाची झाक उरतेच. आपल्या भाषेने हा फरक केव्हाच ओळखला आहे: राखाडी, करडा, पारवा आणि धुरकट हे चार शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरत नाही. पारव्यात निळे असते, करड्यात तपकिरी असते. दुकानात मात्र या सगळ्यांवर एकच शिक्का बसतो, आणि दोन इंचांच्या तुकड्यावर झाक दिसत नाही. ती भिंतभर पसरल्यावरच दिसते, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

दुसऱ्या वेळी मी आकड्यांपासून सुरुवात केली. बहुतेक मोठ्या कंपन्या प्रत्येक छटेचे प्रकाश परावर्तन मूल्य जाहीर करतात. ० म्हणजे सगळा उजेड गिळणारा काळा आणि १०० म्हणजे सगळा परत फेकणारा पांढरा. अ‍ॅग्रीएबल ग्रेचे मूल्य ६०, रिपोझ ग्रेचे ५८ आणि माइंडफुल ग्रेचे ४८ आहे. हे मूल्य वाचताना एक सावधगिरी हवी, ती अशी की डोळा हा आकडा सरळ रेषेत वाचत नाही. छायाचित्रकार ज्या कार्डाला मध्यम राखाडी मानतात, ते केवळ १८ टक्के उजेड परत पाठवते. त्यामुळे ४८ म्हणजे निम्मा काळा अशी जी धास्ती मला वाटली होती, ती निराधार होती. ४८ हा अजूनही फिकट रंगच आहे. ६० आणि ५८ यांतील उजळपणाचा फरक भिंतीवर शोधूनही सापडत नाही, तर ५८ आणि ४८ यांतील फरक पहिल्या नजरेत कळतो. म्हणजे अ‍ॅग्रीएबल आणि रिपोझ यांच्यात निवड करायची असेल तर हे मूल्य काहीच सांगत नाही, तिथे झाकच पाहावी लागते.

झाकेचा अंदाज घ्यायला कंपनीनेच दिलेले लाल, हिरवा आणि निळा यांचे पडद्यासाठीचे आकडे मला अनपेक्षितपणे उपयोगी पडले. अ‍ॅग्रीएबल ग्रेचे आकडे २०९, २०३, १९३ असे आहेत. रिपोझ ग्रेचे २०४, २०१, १९२. माइंडफुल ग्रेचे १८८, १८३, १७३. तिन्हींत लाल सर्वांत अधिक आणि निळा सर्वांत कमी आहे. म्हणजे यांतील एकही छटा निळसर नाही, तिघीही उबदार आहेत. फरक मात्र प्रमाणाचा आहे: लाल आणि निळा यांच्यातील अंतर अ‍ॅग्रीएबलमध्ये १६, माइंडफुलमध्ये १५ आणि रिपोझमध्ये १२ आहे. तिघींत रिपोझ सर्वांत थंड का वाटते, याचे उत्तर या तीन आकड्यांत आहे. पडद्यावर रंग पाहून निवडू नये हे मी चुकीतून शिकले होते, कारण पडदा स्वतः प्रकाश देतो आणि भिंत खोलीतील प्रकाशावर जगते. पण आकडे वाचायला पडदा चालतो.

तरीही बैठकीच्या खोलीत रिपोझ ग्रेचा पहिला नमुना मला निळा दिसला. आकडे सांगत होते की त्यात निळा सर्वांत कमी आहे, आणि डोळे सांगत होते की ही भिंत निळी आहे. दोघेही खरे बोलत होते. मिशेल युजीन शेव्ह्रल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ मध्ये पॅरिसच्या गोब्लँ या विणलेल्या भित्तिपटांच्या कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख झाला, तेव्हा काळा रंग फिका उतरतो अशी तक्रार त्याच्यापुढे आली. त्याने काळ्या लोकरीची तपासणी केली, तर रंगाईत खोट सापडेना. विणकामात काळ्याच्या शेजारी जे धागे येत होते त्यांच्यामुळे काळा फिका दिसत होता. शेजारचा रंग आपल्या विरुद्ध रंगाची छाया बाजूच्या रंगावर टाकतो, हा नियम त्याने पुढे १८३९ मध्ये सविस्तर मांडला. राखाडीला या नियमाचा सर्वांत मोठा फटका बसतो, कारण त्याची स्वतःची बाजू इतकी मवाळ असते की शेजारी जे म्हणेल ते तो ऐकतो. माझ्या बैठकीचे छत जुने आणि पिवळसर पांढरे होते. पिवळ्याच्या शेजारी राखाडीला निळी झाक चढणारच.

याची खात्री मी आधी एका कागदाने करून घेतली. भिंत आणि छत जिथे मिळतात तिथे स्वच्छ पांढऱ्या कागदाची रुंद पट्टी टेकवून धरली आणि तिच्याखालचा नमुना पाहिला. निळेपणा तिथल्या तिथे ओसरला. पट्टी काढली की निळेपणा परत आला. मग छताला झाक नसलेला पांढरा रंग दिला, भिंतींना रिपोझचे दोन हात दिले, आणि तेव्हापासून त्या खोलीला कोणी निळी म्हटलेले नाही. राखाडी निवडताना छताचा, चौकटींचा आणि दारांचा पांढरा आधी ठरवावा, हे मला कोणी आधी सांगितले असते तर बरे झाले असते. एवढेच लक्षात ठेवावे की याच्या उलटही घडते: अतिशय थंड, निळसर पांढऱ्या छताखाली अ‍ॅग्रीएबलसारखी उबदार छटा मळलेली दिसते.

नमुने पाहण्याच्या पद्धतींविषयी थोडे सांगायला हवे, कारण निवड बिघडते ती बहुधा इथेच. भिंतीचे छायाचित्र काढून त्यावर रंग चढवून दाखवणारी अ‍ॅप्स माझ्या मते केवळ करमणूक आहेत. शेड कार्ड यादी लहान करण्यापुरते चांगले. चिकटवायचे मोठे नमुना-कागद सोयीचे असतात, परंतु आपल्या भिंतीचा खरखरीतपणा त्यांत येत नाही. मला भरवशाची वाटली ती सॅम्पल डबी, तीही भिंतीवर न वापरता. जुन्या रंगाच्या भिंतीवर शेजारी शेजारी चौकोन रंगवले की प्रत्येक चौकोन जुन्या रंगाशी आणि बाजूच्या चौकोनाशी झगडतो, आणि आपण त्या भांडणाचा निकाल रंगाचा म्हणून वाचतो. त्याऐवजी मी दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच असे जाड पुठ्ठे घेतले, चारही बाजूंना दोन इंच पांढरा समास सोडला, आतल्या भागाला प्रायमर आणि छटेचे दोन हात दिले आणि मागे छटेचा क्रमांक लिहिला. पाण्यात मिसळणारे इमल्शन ओले असताना दुधाळ आणि फिके दिसते व सुकल्यावर गडद होते, म्हणून पहिल्या दिवशी त्यांच्याकडे पाहायचेच नाही असे ठरवले.

मग ते पुठ्ठे घरभर फिरले. खिडकीच्या समोरच्या भिंतीवर, खिडकी असलेल्या भिंतीवर, कोपऱ्यात, जमिनीलगत आणि दिव्याखाली अशा पाच जागी प्रत्येक पुठ्ठा एकेकटा उभा केला. खिडकी असलेली भिंत स्वतः सावलीत असते, कारण उजेड तिच्या पाठीमागून येतो. तिथे प्रत्येक छटा एक पायरी गडद दिसते. जमिनीलगत फरशीचा रंग वर चढतो. झाक ओळखायची असेल तेव्हा तिन्ही पुठ्ठे एकत्र ठेवावेत, आणि रंग पसंत करायचा असेल तेव्हा एकच समोर ठेवून बाकीचे दुसऱ्या खोलीत न्यावेत, हा माझा शेवटचा नियम झाला. तुलना करताना डोळा फक्त फरक पाहतो, आणि भिंतीवर राहायला येते ती एकटी छटा.

आता खोलीनुसार. बैठकीच्या खोलीला मोठ्या खिडक्या आहेत आणि दुपारनंतर थेट ऊन येते. तिथे रिपोझ ग्रे उन्हात मोतिया होते, ढगाळ दिवशी दगडासारखी शांत राहते आणि संध्याकाळी किंचित थंडावते. याच खोलीत अ‍ॅग्रीएबलचा पुठ्ठा दुपारी चार वाजता जवळजवळ बदामी दिसला होता, म्हणून तिला तिथून बाद केले. मावळतीच्या उजेडात रिपोझमध्येही किंचित जांभळेपणा डोकावतो, हे नोंदवायला हवे. पण तो पाहायला मुद्दाम थांबावे लागते. कमी उजेडात डोळ्यांची संवेदना निळ्याकडे झुकते, ज्याला यान पुर्किन्ये या चेक शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखतात, त्यामुळे कोणत्याही राखाडीची परीक्षा याच वेळी घ्यावी. माझी पहिली छटा याच परीक्षेत नापास झाली होती, आणि तिची परीक्षा मी रंग लावून झाल्यावर घेतली होती.

झोपण्याच्या खोलीत ऊन येत नाही. अशा खोलीत जो उजेड येतो तो मुख्यतः आकाशाचा असतो, आणि तो निळसर असतो. त्या उजेडात थंड राखाडी आणखी थंड होतो, आणि आधीच सांगितलेला प्रकार घडतो. अ‍ॅग्रीएबल ग्रे मला कार्डावर मातकट आणि कंटाळवाणी वाटली होती. राखाडी म्हणून विकायला ठेवलेला बदामीच, असे मी तिच्याविषयी म्हटलेही होते. परंतु या खोलीत तिच्यातील लाल-पिवळ्याची अधिक मात्रा आकाशाच्या निळ्याला नेमकी पुरी पडते आणि दोन्ही एकमेकांना खोडून काढतात. उरतो तो स्वच्छ, कोणत्याही बाजूला न झुकणारा राखाडी. सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या मी ही भिंत कितीतरी वेळा निरखली आहे: कोपऱ्यापाशी किंचित गडद, मध्यभागी समतल, आणि चौकटीच्या पांढऱ्याशेजारी अशी की कागदावर पेन्सिलीचा हलका हात फिरवावा. ज्या खोलीला ऊन नाही तिला उबदार राखाडी द्यावा, हा सल्ला सगळेच देतात; पण त्या छटेला कार्डावर नापसंत करण्याची तयारी ठेवावी लागते, हे कोणी सांगत नाही.

अभ्यासिकेसाठी माइंडफुल ग्रे घेतली, आणि तिच्याबाबत माझे मत थोडे विभागलेले आहे. खोली लहान आहे आणि खिडकीबाहेर दाट झाडी आहे, त्यामुळे दुपारी पानांवरून येणारा उजेड भिंतीला हलकी हिरवी झाक देतो. मला ती आवडते. ज्यांना आवडणार नाही त्यांनी ही छटा झाडीसमोर लावू नये. दुसरी गोष्ट गडदपणाची. भिंतीवरून भिंतीवर आपटत येणाऱ्या उजेडाचा हिशेब सोपा आहे: ६० मूल्याच्या छटेवरून दोनदा परतलेला उजेड मूळच्या ३६ टक्के उरतो, आणि ४८ मूल्याच्या छटेवरून दोनदा परतलेला जेमतेम २३ टक्के. कार्डावरचा दहा-बारा अंकांचा फरक लहान खोलीत असा वाढत जातो, आणि उजेडाबरोबर झाकही प्रत्येक आपटण्यागणिक दाट होते. म्हणून कोपरे नेहमी पुठ्ठ्यापेक्षा गडद दिसतात. पुस्तकांच्या फळ्यांमागे हा गडदपणा शोभतो, वाचायला मात्र टेबलावर वेगळा दिवा घ्यावा लागला. याच पट्टीवरची पुढची छटा ‘डोरियन ग्रे’ (मूल्य ३९) एका भिंतीपुरती लावावी का, असा विचार मनात आला होता. पुठ्ठा दोन दिवस ठेवून सोडून दिला.

चौथी जागा म्हणजे खोल्यांना जोडणारा, खिडकी नसलेला पॅसेज. इथे सारख्या छटांचा एक निराळाच धोका समोर आला. पॅसेजची एक भिंत वळून थेट बैठकीत जाते. त्या वळणावर रिपोझ संपवून अ‍ॅग्रीएबल सुरू करावी असा माझा बेत होता, परंतु दोन्ही पुठ्ठे त्या बाहेरच्या कोपऱ्यावर एकमेकांना लावून धरले, तर बदल मुद्दाम केलेला न वाटता डबा संपल्याने दुसरा वापरल्यासारखा दिसला. रंग बदलायचा तर फरक ठळक असावा, आणि फरक ठळक नसेल तर बदल दाराच्या चौकटीआड व्हावा. म्हणून पॅसेजला रिपोझच दिली आणि अ‍ॅग्रीएबल झोपण्याच्या खोलीच्या दारापासून सुरू केली. आता दोन्ही एका नजरेत येतात, पण मध्ये पांढरी चौकट असते, आणि डोळा त्यांना एकच रंग समजून पुढे जातो.

पॅसेजमध्ये दिवसभर दिवाच असतो, त्यामुळे तिथे रंगाइतकेच दिव्यालाही महत्त्व होते. २७०० केल्व्हिनच्या पिवळसर एलईडीखाली रिपोझ मलईसारखी झाली, ६५०० केल्व्हिनच्या पांढऱ्याखाली रुग्णालयासारखी. ४००० केल्व्हिनचा दिवा लावला तेव्हा ती बैठकीत दिवसा दिसते तशी दिसली. दिव्याच्या खोक्यावर केल्व्हिनबरोबर रंगदर्शकतेचा निर्देशांकही, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा, बहुधा छापलेला असतो. तो ८० असलेल्या दिव्यापेक्षा ९० च्या वरचा दिवा घेतला, तर राखाडीतील झाक फसवी दिसत नाही. दिवे आधी बदलावेत आणि रंग नंतर निवडावा, हा क्रम उलटा करू नये.

फिनिशबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सगळीकडे मॅट घेतला. चकाकणाऱ्या फिनिशमध्ये तीच छटा अधिक गडद आणि भिंतीवरची लांबीची (पुट्टीची) प्रत्येक लाट अधिक स्पष्ट दिसते. मॅट पुसताना डाग चमकतो, म्हणून पॅसेजमध्ये सॅटिन घेतले असते तर सोयीचे झाले असते, एवढे मात्र आता वाटते.

एक तक्रार उरते आणि ती छटांविषयी नाही. बैठकीच्या भिंतीचा एक भाग खिळे काढताना खराब झाला, तेव्हा मूळ डबा न शोधता मी एका जवळच्या दुकानात भिंतीचा तुकडा नेऊन रंग जुळवून घेतला. मशीनने तुकडा वाचला, दुसऱ्याच कंपनीच्या बेसमध्ये टिंट सोडले आणि जो रंग दिला तो दिवसाच्या उजेडात अगदी बिनचूक होता. रात्री दिवा लावला तेव्हा भिंतीवर तळहाताएवढा हिरवट चौकोन उमटला. निराळी टिंटे वापरून बनवलेले दोन रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फुटतात. याला मेटामेरिझम म्हणतात, आणि राखाडीइतका तो दुसऱ्या कोणत्याही रंगात डोळ्यांवर येत नाही. ती जुळवणी मी दुकानाबाहेर, दिवसा, पारखली होती, त्यामुळे दुकानदाराशी भांडायलाही जागा नव्हती.

शेवटी माळ्यावरून मूळ डबा काढला. तळाशी जेमतेम वाटीभर रंग उरला होता, पण झाकण घट्ट असल्यामुळे तो चांगला होता. ढवळून, गाळून, ब्रशऐवजी छोट्या रोलरने लावला, कारण रोलरने रंगवलेल्या भिंतीवर ब्रशची रेघ तिरप्या उजेडात वेगळी पडते. चौकोन नाहीसा झाला. आता प्रत्येक छटेचा अर्धा लिटर रंग मी राखून ठेवला आहे आणि झाकणावर छटेचा क्रमांक, बेस, फिनिश, बॅच आणि खोलीचे नाव लिहिले आहे, कारण बंद डब्यांचे झाकण उघडून पाहिले तरी रिपोझ कोणती आणि अ‍ॅग्रीएबल कोणती, हे मला आजही ओळखता येत नाही.